वीस किलोवरची शीग

दुपारी अडीच वाजता पिवळा दिवा सहाव्यांदा लागला आणि अनसूयानं पॅनलच्या काचेला कपाळ टेकवलं. काच गार होती. चितेगावच्या त्या पशुखाद्याच्या कारखान्यात, ऐन एप्रिलात, तेवढंच एक सुख होतं.

माल तोलून घालणारं मशीन तिच्या कंपनीचं, पण कंपनीनं ते पहिल्यांदाच तिच्या एकटीच्या हाती सोपवलं होतं. अट साधी होती. सलग बारा घाणे बरोबर वजनाचे निघाले की कारखान्याचे मालक नानासाहेब कागदावर सही करणार. एक घाणा चुकला की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. आज पाचपर्यंत सही नाही झाली, तर उद्या पुण्याहून तिचे वरिष्ठ श्रीनिवाससर येणार, मशीन ताब्यात घेणार आणि अनसूया परत ड्रॉइंगच्या टेबलावर. त्या टेबलावरून उठायला तिला तीन वर्षं लागली होती.

वर माळ्यावर उंच टाक्या होत्या. मक्याची, सरकीच्या पेंडीची, कोंड्याची. टाकीखालचा स्क्रू गरगर फिरे आणि माल वजनपेटीत ओती. आधी भसाभस, मग आकडा जवळ आला की चिमूटचिमूट, जात्याला घास घालणाऱ्या बाईच्या हातानं. पेटीखाली वजन जोखणारे खूर होते. पेटीत काय आलं न् किती आलं, ते खूर कान देऊन ऐकत. मका, पेंड, कोंडा यांची काही तक्रार नव्हती. दुखणं होतं माळ्यावरच बसवलेल्या धाकट्या पेटीचं. तिच्यात क्षारांची पांढरी भुकटी पडायची, घाण्याला वीस किलो. दोनशे ग्रॅम इकडंतिकडं चालत होतं. त्यापलीकडं गेलं की पिवळा दिवा.

"म्याडम, आमच्या म्हशी एवढं बारीक नाय बघत," दारातून नानासाहेब म्हणाले. बिडकीनकडचे बागायतदार, कडक इस्त्रीचा शर्ट, हातात चहाची बशी.

"दोनशे ग्रॅमची अट तुमच्याच कागदात आहे, नानासाहेब."

"ते व्हय. ते जावयानं लिहिलंय. लई शिकल्याला हाय त्यो." त्यांनी चहाचा घोट घेतला. "मग, पाचपर्यंत व्हईल का?"

अनसूया पॅनलकडं वळली.

सकाळपासून तिनं काय केलं नव्हतं? पेटीचे बोल्ट आवळले. तारा उकलल्या, परत जोडल्या. वाऱ्यानं आकडा हलतोय म्हणून पंखा बंद केला आणि सगळ्यांचे शिव्याशाप घेतले. वीस किलोचं लोखंडी माप पेटीत ठेवून पाहिलं, आकडा वीस. पण भुकटी पडली की वीस किलो दोनशे दहा. मग दोनशे ऐंशी. मग तीनशे साठ. आणि वैताग असा, की ती शिडी चढून माळ्यावर जाऊन उभी राहिली की तीच पेटी तीनशे ग्रॅम कमी भरायची. वर गेली की कमी, खाली आली की जास्त. जणू मशीन तिचा पायरव ओळखून तोंड फिरवत होतं.

माळ्यावर कडूबा असायचा. पासष्टीचा, सुकल्या शेंगेसारखा माणूस. मशीन यायच्या आधी तीस वर्षं यानंच टोपलीनं माप घालून खोऱ्यानं खाद्य कालवलं होतं. आता त्याचं काम पोती फोडून भुकटी टाकीत ओतायचं. अनसूया वर आली की तो उठे, गमज्यानं स्टूल पुसे, "बसा म्याडम," म्हणे आणि हात बांधून कोपऱ्यात उभा राही.

सातव्या घाण्याला ती पुन्हा खाली निघाली. निम्म्या शिडीवर आठवलं, टेस्टर वरच राहिला. ती वळली. माळ्याच्या फळीवर तिचे फक्त डोळे आले होते, आणि त्या डोळ्यांना दिसलं की कडूबानं पेटीचं झाकण उघडलं, पोत्यात ओंजळ बुडवली, भरभरून काढली आणि पेटीत सोडली. मग पेटीवरच्या आकड्याकडं पाहिलं आणि वर आणखी एक मूठ टाकली.

अनसूया शिडीवरच उभी राहिली. तिला ओरडायचं होतं, पण सकाळपासून आवाज सगळा मशीनवरच खर्ची पडला होता.

"मामा. हे काय चाललंय?"

कडूबा दचकला नाही. "शीग लावतो, मापावर वरची मूठ."

"कशाला?"

"माप शीग लावल्याबिगर कधी द्यावं का? त्यातनं हे मशीन चोर हाय, म्याडम." त्यानं आकड्याकडं बोट केलं. "वीस द्यायचं न् एकोणीस सातशेलाच हात आखडतंय. सकाळी म्हणलं, नवं हाय, शिकंल. तर आधी एकोणीस सातशे, मग एकोणीस सहाशे, आता तर पार एकोणीस तीनशेवर आलंय. जनावराला तोंड नाय म्हणून काय त्याचं कमी करावं? म्या तसतशी मूठ वाढवली."

अनसूया तिथंच फळीवर बसली. सगळं चक्र तिच्या डोळ्यांपुढं उलगडलं.

"मामा, टाकीखालचा स्क्रू थांबतो तेव्हा काही भुकटी हवेत असते. निघालेली, पण पोचलेली नाही. मशीनला ती ठाऊक असते, म्हणून ते आधी हात आखडतं. मग हवेतली खाली येते आणि वीस भरतात. तुम्ही वरून ओंजळ टाकली की त्याला वाटतं, अरे, हवेत तर जास्तच होतं. मग पुढच्या घाण्याला ते आणखी आधी थांबतं."

"म्हंजी म्या टाकतो म्हणून ते आखडतंय?"

"आणि ते आखडतंय म्हणून तुम्ही टाकताय."

कडूबानं विचार केला. "असं तुमी म्हणता."

तिनं दात आवळले. घड्याळात सव्वातीन. ती खाली गेली, मशीननं सकाळपासून शिकलेलं सगळं पुसलं, पेटीचं तोंड एका पोत्याकडं वळवलं आणि एक घाणा तोलला. गोदामातला जुना काटा कडूबानंच ओढून आणला. एका पारड्यात भुकटीचं पोतं, दुसऱ्यात वीस किलोचं माप; आणि न सांगता त्यानं मापाशेजारी एक रिकामं पोतं टाकलं, पोत्याला पोतं. दांडी दोनदा झुलली, एक श्वास घेतला आणि आडवी झाली.

कडूबानं बोटानं दांडी एकदा दाबून सोडली; ती परत आडवी झाली.

"चोर नाय," तो शेवटी म्हणाला. "पण कंजूष हाय."

"मामा, माझ्याकडं दीड तास आहे. त्यात बारा घाणे काढायचेत. तुमचा हात पेटीत गेला नाही पाहिजे."

"हात आवरीन की. पण सपाट माप माझ्यानं बघवत नाय, पोरी. म्या खाली जाऊन बसतो."

"आणि पोती कोण फोडणार?"

त्यानं गमजा खांद्यावर टाकला. सकाळपासूनच्या वैतागानं अनसूयाच्या कानशिलं ठणकत होती. दोनशे ग्रॅमची सूट होती, आणि ती सूट तिची होती, चुकीसाठी राखलेली. ती खाली उतरली आणि पॅनलवर वीसच्या जागी वीस किलो शंभर ग्रॅम टाकलं. कागदात ते बसत होतं, पण आता वर निसटायला निम्मीच जागा उरली.

"घातली तुमची शीग," तिनं खालून सांगितलं. "घाण्यागणिक एक मूठ. मशीनच टाकेल. आता वर बसा, आणि हात बांधून बसा."

पहिल्या घाण्याला वरून आवाज आला, "लाभ." खळ्यावर माप घालताना पहिल्याला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. मग दोन. मग तीन. वीस किलो नव्वद. एकशे दहा. ऐंशी. नवव्याला आकडा एकशे नव्वदवर जाऊन थरथरला, पण दिवा हिरवाच राहिला. बारा झाले तेव्हा पाचला चार मिनिटं होती.

नानासाहेबांनी कागदावरून बोट फिरवलं. "समदे आकडे विसाच्या वरच की."

"अटीत आहेत."

"हायेत, हायेत." त्यांनी सही केली. "जावई काय म्हणतोय ते बघू."

लगेच श्रीनिवाससरांचा फोन. सही झाली म्हटल्यावर ते खूश झाले, आणि मग म्हणाले, "दोष काय होता ते अहवालात नीट लिही. ऑपरेटरनं हात घातला असेल तर तसं लिही, आपल्यावर यायला नको."

ती पेन घेऊन बसली. लिहायला ते एक वाक्य होतं, आणि खरंही होतं. पण गेल्या आठवड्यात हेच मशीन तिनं सगळ्यांना समजावलं होतं: नानासाहेबांना, जावयाला, फिटरला, अगदी वॉचमनलासुद्धा. जो माणूस पेटीशेजारी बसणार होता, तो त्या वेळी पोती उतरवत होता, आणि त्याला बोलवावं असं तिच्या मनातही आलं नव्हतं.

दोषाच्या रकान्यात तिनं लिहिलं: माळ्यावरच्या माणसाला यंत्राची रीत सांगितलेली नव्हती. सांगणं माझं काम होतं.

सर उद्या चिडणार, हे तिला दिसत होतं. तिनं खाली नाव घातलं आणि पाणी प्यायला उठली.