पेनल्टी बॉक्समधलं भरीत

मी मैदान बोलतोय. दोंडाईचा रस्त्यावरचं. फाटकावर ‘तापी फुटबॉल क्लब’ ही अक्षरं अजून अर्धवट दिसतात. अभिमानाने ओळख सांगावी असं आता माझ्याकडे काही उरलेलं नाही. जे सांगायचं आहे ते मान खाली घालूनच सांगतो.

क्लब व्यावसायिक होता. खेळाडूंना पगार, राहायला खोल्या, व्यायामशाळा, दुखऱ्या पायांसाठी बर्फाच्या पाण्याचे टब. सामन्याच्या दिवशी धुळ्यापासून माणसं यायची. आणि माझं गवत! आसपासच्या गावांत टँकर फिरायचे तेव्हाही माझे फवारे चालू असायचे. मला त्याची लाज वाटायला हवी होती. वाटली नाही.

निंबाआबा माझे माळी. त्यांची मुलगी मोनाली लहानपणापासून रेषेबाहेर उभी राहून बाहेर आलेला चेंडू लाथेने परत पाठवायची, अगदी नेमका. एकदा तिने विचारलं, “मी आत येऊ?” मैदान समितीचे प्रेमराज नाना हसले. म्हणाले, “गवत खराब होईल, पोरी.”

बावीस दांडगे पुरुष खुंट्यांचे बूट घालून मला तुडवत होते आणि मी खराब होणार होतो या पोरीच्या चपलांनी! तरी मला ते पटलं. मोठी माणसं बोलली की पटवून घ्यायचं, ही सवय मलाही लागली होती.

चार वर्षांपूर्वी क्लब पुण्याला गेला. गोलच्या जाळ्यासुद्धा नेल्या. मग माझ्यावर लग्नं लागली, सभा झाल्या, मांडवाच्या खांबांसाठी खड्डे खणले गेले. तेव्हा नानांना गवत आठवलं नाही.

मोनाली मात्र मला विसरली नाही. धुळ्यात कॉलेज करता करता तिने बारा मुली जमवल्या. नाशिकच्या महिला संघाच्या प्रशिक्षक सारिका मॅडम एका रविवारी सकाळी त्यांचा खेळ बघायला येणार होत्या. निवड झाली तर मोनाली खेळायला जाणार. नाही झाली तर उन्हाळ्यात लग्न, असं घरात ठरलेलं. पंधरा दिवस मुलींनी माझे खड्डे बुजवले, खिळे वेचले, चुन्याच्या रेषा आखल्या.

आदल्या दिवशी, शनिवारी, नानांचा पंचाहत्तरावा वाढदिवस होता. थंडीत आपल्याकडे भरीत पार्टी शेतातच व्हायची. पण नानांच्या पाहुण्यांच्या गाड्या शेतात कशा जाणार? म्हणून वांगी आणि ती भाजायला कपाशीच्या वाळक्या काड्या माझ्यावर येऊन पडल्या. मोनाली धुळ्याला बूट आणायला गेली होती.

“निंबा, जाळ कोठे करूत?” नानांनी विचारलं.

निंबाआबांनी गोलच्या पुढची जागा दाखवली. “आठे करा, नाना. आठे गवत बी नही शे.”

“आनि उद्याना खेळ?” कुणीतरी म्हणालं.

“वर माती टाकी देसूत. पोरीसना खेळ तो!” नाना म्हणाले.

हशा झाला. भरीत झकास झालं. राखेवर चार घमेली माती पडली.

सकाळी सारिका मॅडम मैदान बघत फिरल्या. गोलसमोर त्यांचा बूट रुतला, आणि मातीतून धूर निघाला. खाली निखारे जिवंत होते. पोटात निखारे धरून मी वरून सपाट दिसत होतो. इतकी लबाडी मी कधी केली नव्हती.

“इथे मी कुणालाही खेळवणार नाही,” मॅडम म्हणाल्या.

“आबा, आठे जाळ कोनी करा?” मोनालीने विचारलं.

“जागा मीच दावी, बेटा.” निंबाआबांची मान वर होईना.

“इतली तापू नको,” नाना मध्ये पडले. “वयना काही मान ठेव.”

“वयाचाच मान ठेवून इतकी वर्षं रेषेबाहेर उभी राहिले, नाना. आता तुम्ही उभे राहा.”

तिने चेंडू काखेत घेतला आणि मॅडमकडे अर्धा तास मागितला. रस्त्यापलीकडे धुरपदाबाईंचं कपाशी उपटलेलं शेत होतं. “खेळा वं माय,” त्या म्हणाल्या, “ढेकळं शेतस, पाय जपा.” बारा मुली निघाल्या. निंबाआबांनी माझ्या कोपऱ्यांवरचे झेंडे उपटले आणि त्यांच्या मागे गेले. मला फक्त शिट्टी ऐकू आली, आणि मग मुलींचा ओरडा.

मोनालीची निवड झाली. माझ्याशिवाय झाली.

आता माझ्या फाटकावर फलक लागला आहे: ‘गावाच्या लेकीचा भव्य सत्कार, याच मैदानावर.’ त्यावर नानांचा फोटो मोठा आणि मोनालीचा टिकलीएवढा. तिने येणार नाही म्हणून कळवलं आहे. नाना म्हणतात, पोरगी माजली.

नाना, माझं एवढं ऐका. तिची खुर्ची माझ्यावर मांडू नका, मला ती पेलवणार नाही. हार घालायचाच असेल तर धुरपदाबाईंच्या ढेकळांना घाला. आणि पुढच्या मुलींसाठी माझं फाटक उघडाल, त्या दिवशी आधी तुम्ही स्वतः अनवाणी माझ्यावरून चालून बघा. या टोकापासून त्या टोकापर्यंत.