चुगली

“म्हणजे आमचंच औषध खाऊन त्या माजल्या?” पीटीच्या बाईंनी असं खणखणीत विचारलं, की बाहेर बाकावर बसलेले पेशंटही दचकले असतील.

डॉक्टर हसू दाबत म्हणाल्या, “साधारण तसंच. पोटातल्या गाठीच्या बहुतेक पेशी केमोने मेल्या. थोड्या मूळपेशी मात्र चिवट निघाल्या. एरवी त्या गप्प असतात. औषधाचा मार बसल्यावर त्यांच्यातली निरोपांची देवघेव बदलली आणि त्या नव्याने वाढायला लागल्या, असा आमचा संशय आहे. केमोच्या आधीचा गाठीचा तुकडा आमच्याकडे आहे. तोंडातून नळी घालून आत्ताचाही घेता आला, तर दोन्ही ताडून बघता येतील.”

“त्याने हिला गुण येईल?” नवऱ्याने विचारलं.

“नाही. खोटं कशाला सांगू? हा अभ्यास पुढच्या पेशंटसाठी. नको म्हणालात तरी उपचारांत काही फरक पडणार नाही.”

“मग नको,” म्हणत तो उठलाच.

जन्मात बायकोपुढे ब्र न काढलेला माणूस, पण आज हटून बसला. जिची शिट्टी वाजली की अख्खं मैदान चिडीचूप व्हायचं, तिचं मनगट आता त्याच्या दोन बोटांत मावत होतं. मागे नळी घातली तेव्हा तिला साधं पाणीही गिळवेना. उरलेत ते चार महिने तरी तिने घरात सुखाने काढावेत, एवढंच त्याला हवं होतं.

“फार झालं पुण्य,” बाहेर येऊन तो म्हणाला. “घरी चल.”

“पुण्य कुणाला हवंय? अहो, या भवान्या माझ्याच पोटात बसून माझ्याविरुद्ध खलबतं करतायत! मी जाणार, ते दिसतंच आहे. पण त्यांची चुगली केल्याशिवाय नाही जायची.”

“अगं, त्रास तुलाच होणार ना!”

“होऊ दे. आणि तुम्ही तोंड पाडून बसू नका. रडायचंच असेल तर घरी जाऊन रडू, मीही येते सोबतीला.”

त्याला राग आला, डोळेही भरले. तो तिच्या मागे पुन्हा आत गेला.

तपासणीच्या खोलीत तिच्या घशात बधिर करणारा फवारा मारून तिला कुशीवर निजवलं. सिस्टरने त्याला उशाशी उभं राहू दिलं. “सहन नाही झालं तर हात वर करा, आम्ही लगेच थांबू,” ती म्हणाली.

बाईंनी तोच हात नवऱ्याच्या हातात दिला. “वर जायला लागला तर खाली ओढा. सोडलात तर बघा!” मग दातांमध्ये प्लॅस्टिकची कडी बसली आणि बाईंचं बोलणं बंद झालं.

नळी आत गेली. उबळीवर उबळ यायला लागली, नाकाडोळ्यांतून पाणी वाहू लागलं. हात वर यायला लागला.

“थांबू का?” डॉक्टरांनी विचारलं.

‘हो’ अगदी त्याच्या ओठांवर आलं होतं. त्याने तिच्याकडे पाहिलं. बाईंनी डोळे वटारले.

त्याने तिचा हात दोन्ही हातांनी खाली दाबून धरला.

“घ्या,” तो म्हणाला. त्याचा आवाज चिरकला. “चांगला मोठा घ्या.”