दुसरं प्रूफ

माझी धाकटी बहीण प्रेमकथा लिहिते. त्याही साध्यासुध्या नाहीत. तिचे नायक-नायिका परग्रहांवर राहतात, एकमेकांपासून चारशे-पाचशे प्रकाशवर्षं लांब, आणि तरी कुणाला कुणावाचून करमत नाही. आजवर अशी एकवीस पुस्तकं झाली. एकवीसच्या एकवीस मी तपासली. छापखान्यात तीस वर्षं प्रुफं वाचण्यात माझे डोळे गेले. जे काही उरले ते हिच्या वाट्याला आले.

मागच्या महिन्यात तिची मुलाखत घ्यायला एक बाई आली होती. तिने विचारलं, "तुम्हाला प्रेरणा कुठून मिळते?" धाकटीने खिडकीबाहेर पाहिलं, उसासा सोडला आणि म्हणाली, "ताऱ्यांकडून." मी पाण्याचा ट्रे घेऊन येत होते, तो हातातून पडता पडता राहिला. ही बया नऊच्या ठोक्याला घोरायला लागते. हिने तारे पाहिले असतील तर दाताच्या दवाखान्यातल्या कॅलेंडरवर. खरी प्रेरणाही तिथलीच. दात ठणठणीत असताना ही त्या बाकावर तासन्‌तास बसून लोकांची बोलणी ऐकते. उरलेली प्रेरणा जिन्यात, रांगेत आणि भिंतीला कान लावून. मग घरी येऊन गरम पाण्याच्या बादलीत पाय सोडायचे आणि जेवणाच्या टेबलावर लिहायला बसायचं. पलीकडे नवरा तोंडावर पेपर घेऊन पसरलेला असतो आणि इकडे ही लिहिते, "तुझ्याविना ही आकाशगंगा ओसाड आहे." आधी त्याला उठवून गळका नळ दुरुस्त करायला सांग, मग बघू आकाशगंगेचं.

मी समासात लाल पेन्सिलीने तीनच शेरे मारते: पाल्हाळ, पुनरुक्ती आणि पुरावा? एका पुस्तकात नायिका एकाच पानावर चारदा लाजली. त्यातलं तीनदाचं लाजणं मी उडवलं. आमच्या कामात आणखी एक खूण असते. खोडलेल्या ओळीखाली टिंबं दिली की छापणाऱ्याला कळतं, खोडण्यात चूक झाली, आहे ते राहू द्या. ती खूण मी तीस वर्षांत एकदाही वापरली नाही. माझी लाल रेघ म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

परवा दुपारी धाकटी वरच्या मजल्यावरून खाली आली. एरवी माझ्या टेबलावर कागद आदळते आणि उभ्या उभ्या स्वतःचं कौतुक करून घेते. परवा मात्र दारातच उभी राहून बोटाला रबर गुंडाळत होती.

"ताई, हे बाविसाव्याचं चौदावं प्रकरण. पाचला प्रकाशकाचा माणूस न्यायला येणार आहे. तू नको म्हणालीस तर काढून टाकते."

"माझं 'नको' कधीपासून ऐकायला लागलीस गं?"

"हे ऐकेन," म्हणाली आणि निघून गेली.

वाचायला घेतलं. एक अंतराळ-ठाणं. तिथे येणारे-जाणारे संदेश तपासणारी एक शिष्ट बाई. रिकामी खोकी वाहून नेणारा एक वैमानिक तिला चार पानी पत्र लिहितो. ती ते लाल खुणा करून परत पाठवते. ती शिष्ट बाई मी होते.

आमच्या छापखान्यात कागदाची रिमं पोचवायला एक जण यायचा. माझ्याशी बोलताना शब्द गिळायचा. एक दिवस त्याने माझ्या टेबलावर, प्रुफांच्या गठ्ठ्यात, चार पानी पत्र ठेवलं. मी ते उभ्यानेच वाचलं. इतका आनंद मला त्याआधी कधी झाला नव्हता, नंतरही नाही. आणि मी केलं काय, तर लाल पेन्सिल उचलली. 'तुमच्याशिवाय दिवस सरत नाही', पुरावा? दुसऱ्या पानावर पुनरुक्ती. तिसरं पान सबंध पाल्हाळ, दोन ओळींत सांगा. आणि दिलं पाठवून. आमच्याकडे पहिलं प्रूफ लाल होऊन गेलं की चार दिवसांत दुरुस्त होऊन दुसरं येतं. रद्दीत टाकायच्या कागदावर पेन्सिल कोण झिजवतो? मी दुसऱ्या प्रुफाची वाट बघत बसले. त्या बिचाऱ्याला माहिती फक्त कोऱ्या कागदाची. पुढच्या आठवड्यात रिमं घेऊन दुसराच माणूस आला.

घरी मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "एक दिवाणा आला होता, चुका काढून परत पाठवला." सगळे हसले, धाकटी सगळ्यांत जास्त. मीही हसले. सव्वीस वर्षं ती गोष्ट मी चार माणसं जमली की विनोद म्हणून सांगत आले.

प्रकरणातली बाईही आता हसेल म्हणून पुढे वाचलं. ती हसली नाही. वैमानिक खोक्यांत बसून लाल खुणा मोजतो. त्रेपन्न भरतात. मग म्हणतो, "जिला मी नको असेन, ती इतक्या खुणा कशाला करेल?" पत्र दोन ओळींत लिहून काढतो आणि परत येतो. ती काम सोडून दारात उभी असते, आणि वर त्या ग्रहाचे दोन्ही चंद्र पूर्ण.

माझा संताप संताप झाला. अकराच्या अकरा पानं मी ओळ न् ओळ खोडली आणि वर लिहिलं, अशक्य. पुरावा?

पावणेपाचला धाकटी आली. तिने पानं पाहिली. "काढू ना?"

"कुणी सांगितलं तुला?"

"कुणीच नाही." ती माझ्या शेऱ्यावर बोट ठेवून उभी होती. "तू ती गोष्ट दर वेळी एकाच वाक्यावर संपवतेस, ताई. पुढच्या आठवड्यात दुसराच माणूस आला, म्हणून. ज्याला हाकललं तो पुढच्या आठवड्यात आला की नाही, हे कोण बघतं गं?"

हिला मी जन्मभर मूर्खांत काढत आले. भिंतीला कान लावणारी ही, माझ्या हसण्यालाही कान लावून बसली होती आणि सव्वीस वर्षं गप्प राहिली होती.

"दोन्ही चंद्र एकाच दिवशी पूर्ण कसे असतील? अक्कल आहे का तुला?" मी म्हणाले.

"ताई."

मी पानं ओढून घेतली. पहिल्या खोडलेल्या ओळीखाली टिंबं दिली, मग दुसरीखाली. हाताला सवय नव्हती, टिंबं वाकडीतिकडी येत होती. धाकटी शेजारी बसून एकेक पान पुढे सरकवत होती. सातव्या पानावर होते तेव्हा दारावरची बेल वाजली.

"अगं, जा, थांबायला सांग त्याला," मी ओरडले. "थोडंच राहिलंय म्हणावं. सांगितल्याशिवाय थांबत नाहीत ही माणसं."