सगळ्या झिंजचा ओव्हरकोट

मित्रांनो, बहरीनच्या उकाड्यात ज्याच्याकडे नुसतं पाहिलं तरी लोकांना घाम फुटतो, असा मी एक जुना लोकरी ओव्हरकोट आहे. हसा खुशाल! पण माझ्याइतकं जग या झिंज मोहल्ल्यात कुणीच पाहिलेलं नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो.

१९७४ साली रत्नागिरीच्या गनीमास्तरांनी झिंजमधल्या आपल्या दुकानात मला शिवलं. ज्या साहेबांनी मला शिवायला टाकलं होतं, ते मला न नेताच देश सोडून गेले. मग दत्ताराम ड्रायव्हरला मालकाबरोबर ऐन थंडीत लंडनला जावं लागलं. इथल्या बाजारात तेव्हा लोकरीचा कोट कुठून मिळणार? मास्तरांनी मलाच त्याच्या अंगावर चढवलं. तेव्हापासून रिवाजच पडला. थंड देशाला निघालेल्या कुणीही मला न्यावं आणि परतल्यावर पुढच्या माणसाच्या हाती द्यावं. भाडं नाही, पावती नाही. तरी मी दर वेळी परत आलो.

१९८२ च्या हिवाळ्यात अकीलाबाई परकार आल्या. त्या मुंबईत कायद्याच्या प्राध्यापक. इथून जवळच जिदहफ्स गावात भाऊ ताहिरकडे मुक्काम करून युरोपात व्याख्यानं द्यायला निघाल्या होत्या. मी त्यांच्या पार घोट्यापर्यंत आलो, पण बाईंचा तोरा असा, की माझाच रुबाब वाढला.

"न्या बाय," मास्तर म्हणाले, "पण शुक्रवारच्या आत परत पायजे हा. रुकय्या मसूदाला घेऊन लंडनला चाललीय."

मसूदा ही शेजारच्या रुकय्याची चिमुरडी. तिच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं होतं. थंडी बाधली तर ऑपरेशन पुढे जाणार, आणि पुन्हा तारीख कधी मिळेल याचा भरवसा नव्हता.

"आत म्हणजे आत," बाई म्हणाल्या.

ब्रुसेल्सचं अवाढव्य न्यायालय पाहून त्या पुटपुटल्या, "एवढ्या उंच छताखाली साध्या माणसाला तोंड उघडायचा धीर कसा व्हायचा?" हेगच्या कालव्याकाठी तर त्या चक्क माझ्याशी बोलल्या. "इथे शब्दाशब्दाला सही लागते रे. तुझ्यासाठी कुणी एक ओळ लिहून दिली नाही, तरी तू घरी जातोसच. मग कायदा जन्मतो कुठे, कागदावर की माणसाच्या मनात?" मला उत्तर ठाऊक होतं, पण कोटाला कोण विचारतो!

व्हिएन्नाच्या सभागृहात कोट बाहेर ठेवून पुठ्ठ्याचा बिल्ला घ्यावा लागे. बाईंनी तो भाषणाच्या कागदांत खूण म्हणून खोचला. भाषण माझ्यावरच होतं, बरं का! टाळ्या मला बाहेर ऐकू आल्या. त्या भरात बाईंनी कागद एका श्रोत्याला देऊन टाकले, बिल्ल्यासकट. तो केव्हाच निघून गेला. आणि विमानाची वेळ जवळ आली होती.

खिडकीवरच्या काकूंनी विचारलं, "बिल्ला नाही? बरं, कोट तुमचा आहे ना?"

दुसरं कुणीही हो म्हणालं असतं. पण कायदा रक्तात भिनलेला! बाई म्हणाल्या, "नाही."

"मग कुणाचा?"

"सगळ्या झिंजचा."

काकूंनी मला पुन्हा आत टांगलं. माझं धाबं दणाणलं. डोळ्यांसमोर मसूदा दिसू लागली.

बाईंनी हातातली आईची सोन्याची बांगडी काढून समोर ठेवली. "मालकी माझी नाही, पण जबाबदारी माझी आहे. उद्या कुणी या कोटावर हक्क सांगायला आलं, तर ही त्याला द्या."

काकूंनी बांगडीकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, आणि मला खाली उतरवलं.

गुरुवारी मी रुकय्याच्या खांद्यांवर होतो. "बाय, तुमची बांगडी कुठं गेली?" तिनं विचारलं.

"कामाला गेलीय," बाई हसून म्हणाल्या. "येईल." आणि आलीही, टपालानं. त्या श्रोत्यानं कागदांतला बिल्ला नेऊन दिला होता.

लंडनच्या बोचऱ्या वाऱ्यात रुकय्यानं मसूदाला छातीशी धरून मायलेकींवर माझी बटणं लावली. मसूदाचं काळीज माझ्या अस्तराला लागून होतं. ते धडधडायचं, मध्येच अडखळायचं. परतीच्या वाटेवरही ती तशीच बिलगून झोपली. मी सारा प्रवास कान देऊन ऐकत होतो. ते एकदाही अडखळलं नाही.

मित्रांनो, त्याला आठ वर्षं झाली. आता ज्याच्या त्याच्याकडे आपलं जॅकेट आहे. मी डांबरगोळ्यांच्या वासात पडून असतो. मला जपून ठेवू नका रे. कुणाला तरी द्या, आणि घेणाऱ्यानं वेळेवर परत आणावं. असल्या घेण्यादेण्यानं काय होतं, ते मसूदाला विचारा. पण आधी तिला गाठावं लागेल. शाळेच्या शर्यतीत ती सगळ्यांच्या पुढे धावत असते.