तिसऱ्या ओळीतली चौथी खाच

मी एक जुनी लाकडी पेटी आहे. माझ्यात पाच ओळी आहेत आणि प्रत्येक ओळीत दहा खाचा. गहाणवटीच्या दुकानात आले तेव्हा माझ्यात काचेचे डोळे होते ते असे: एकवीस तपकिरी, सोळा काळे, नऊ घारे आणि तीन निळे. एकूण एकोणपन्नास. तिसऱ्या ओळीतली चौथी खाच रिकामी होती.

मित्रांनो, माझा धनी डोळे गेलेल्या माणसांसाठी काचेचे डोळे करायचा. माझ्यातले डोळे म्हणजे त्याचे नमुने. गिऱ्हाईक आले की तो एकेक नमुना त्याच्या चेहऱ्याशेजारी धरून रंग जुळवी आणि तसाच नवा डोळा ज्योतीवर फुगवून करी. तांबड्या काचेचे केसाएवढे तंतू ओढून तो त्यात शिराही उमटवी. काम झाले की नमुना पुसून पुन्हा जागेवर. नमुना कुणालाही द्यायचा नाही, हा त्याचा नेम.

नेम एकदाच मोडला. त्याच्या नातीचा उजवा डोळा आजारात गेला, तेव्हा वयामुळे त्याचे हात थरथरू लागले होते. तीनदा फुगवलेली काच तीनदा फुटली. नात केसांची बट चेहऱ्यावर ओढून घराच्या कोपऱ्यात बसे, शाळेचे नाव काढू देत नसे. शेवटी त्याने माझ्यातलाच एक डोळा उचलला. तो तिला चपखल बसला.

"इतकी वर्षं तुझीच वाट बघत बसला होता गं हा," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी तिने दोन घट्ट वेण्या घातल्या आणि शाळेत गेली.

धनी वारला. भाडे थकले, तेव्हा त्याच्या सुनेने मला गहाण टाकले. पेंढा भरलेले घुबड आणि पाणबुड्याचे तांब्याचे शिरस्त्राण यांच्यामध्ये मी धूळ खात पडले. मुदत संपली तरी मला सोडवणे तिला जमले नाही. शेवटी एक संग्राहक आला आणि दुकानदाराने तिला बोलावून घेतले; मी विकली गेले, तर कर्ज फिटून उरेल ते तिला मिळणार होते. नातही बरोबर आली.

"अपुरी पेटी मी फुकटसुद्धा नेणार नाही," संग्राहक म्हणाला. "पूर्ण असती, तर मागाल ती किंमत दिली असती."

"वहिनी, घरात शोधा की जरा!" दुकानदार हसत म्हणाला. "गादीखाली, कपाटामागे. डोळ्याला काय पाय फुटतात?"

"हरवला तो. केव्हाच," सून म्हणाली आणि तिने मुलीला पाठीमागे ओढले.

"आई, घर सोडावं लागेल ना आपल्याला?"

"तू गप्प बस."

मुलगी गप्प बसली नाही. "तो माझा नाहीच आई, नमुना आहे. नमुना जागेवर परत ठेवायचा असतो. आजोबाच म्हणायचे." ती भिंतीकडे वळली. मग एक हात चेहऱ्यावर धरून तिने दुसऱ्या हाताने डोळा माझ्या खाचेत ठेवला. तो अजून कोमट होता.

दुकानदाराने फडके उचलले आणि तो घुबड पुसू लागला. ते त्याने सकाळीच पुसले होते. संग्राहकाने भिंग लावले. "व्वा! शिरा बघा, काय हात होता माणसाचा!"

सुनेने मुलीच्या वेण्या सोडल्या आणि केस पुढे ओढून दिले.

मित्रांनो, एखादी वस्तू अपुरी दिसली, तर तिला नावे ठेवण्याआधी एवढे विचारा, की उरलेला तुकडा कुठे आहे. तो कुणाच्या तरी उपयोगी पडत असेल. असेल, तर त्याला तिथेच राहू द्या.

मी आता संग्राहकाच्या कुलूपबंद कपाटात असते. बावीस तपकिरी, सोळा काळे, नऊ घारे, तीन निळे. एकूण पन्नास.