बरणीला नावं ठेवताना

ऊन अंगणाच्या मधोमध आलं होतं आणि पुष्पाबाई बरणीसमोर पाट टाकून लसूण-मिरच्या ठेचत बसल्या होत्या. बरणीत जांभळाचा शिरका होता. मृगाच्या आधी जांभळाचा रस काढून आंबायला ठेवायचा, पावसाळाभर चुलीच्या उबेला सांभाळायचा आणि आश्विनाच्या कडक उन्हात त्यात लसूण, आलं, ओवा, मिरे आणि मूठभर लाल मिरच्या ठेचून घालायच्या, अशी त्यांची रीत. अपचन, पडसं, धान कापून दुखणारी कंबर, सगळ्यावर औषध एकच: चमचाभर शिरका. घेणारा आधी जागच्या जागी उडी मारी, मग बरा होई. सिहोऱ्यात असं एकही घर नव्हतं ज्यानं ती उडी मारली नव्हती.

दसऱ्याच्या सुट्टीत मुलगी आली होती. कुंदा भंडाऱ्याच्या कॉलेजात मराठी शिकवायची. ती बरणीजवळून गेली तशी आई ओरडली, "अवो, मुक्यानंच काहून चालली? नावं ठेव ना बरणीले!"

हा घरचा कायदा होता. आंबत्या बरणीला कोणी चांगलं म्हटलं की दृष्ट लागते, बरणी नासते. म्हणून येता-जाता तिला शिव्या घालायच्या. पोस्टमनही पत्र देताना एखादी देऊन जायचा.

कुंदा थांबली. "अत्यंत उग्र, अरुचिकर आणि सर्वथा निंद्य द्रव."

"शिकलेली शिवी लागत नाही. बरोबर दे."

"गोठ्यातलं पानी!"

"हां! आता कशी बोलली!"

कुंदा वाकली. फडकं बाजूला करून तिनं वास घेतला. "पण माय, खरं सांगू का? यंदाचा लय चां—"

पुढचं अक्षर बाहेर पडलंच नाही. मिरचीनं माखलेला आईचा हात तिच्या तोंडावर बसला होता. कुंदा नाचायला लागली आणि आई पदर तोंडात कोंबून हसायला लागली. "शिकून शिकून येडी झाली पोरगी! तूप लाव, तूप!"

दुसऱ्या दिवशी सकाळी आई उठली नाही. झोपेतच हृदय थांबलं, डॉक्टर म्हणाले. कुंदाच्या ओठांची आग तेव्हाही शमलेली नव्हती.

खरं तर शिरका गाळून झाला की कायदा उठायला हवा होता. पण आई थोडा शिरका विरजण म्हणून तळाशी ठेवायची आणि त्यावरच नवा रस ओतायची. बरणी कधी रिकामी झालीच नाही, त्यामुळे तिला चांगलं म्हणायचा दिवसही कधी उगवला नाही. त्यात आईनं कायदा वाढवलेला. "वाढती पोर अन् आंबती बरणी, दोघींले चांगलं म्हणू नये." कुंदा एम.ए.ला पहिल्या वर्गात आली तेव्हा आईनं गावभर पेढे वाटले आणि दारोदारी सांगितलं, "कावळीले पास केलं. मास्तरायले दिसत नसन." घरात कोणी कोणाला चांगलं म्हणायचं नाही, हे कुंदाच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की आईला म्हणायचं तिला कधी सुचलंही नव्हतं.

एकदा तिला पाहायला पाहुणे आले होते. मुलाच्या बापानं अंगणातच नाक वर करून "वा, काय वास आहे!" म्हटलं. आईनं पोहे दिले, चहा दिला आणि ते जाताच निकाल दिला, "ज्याचा जिभेवर ताबा नाही, त्याच्या घरी मी पोरगी देत नाही." कुंदाला शिकायचं होतं. ती सुटली. पण बरणीचे आभार मानायचीही सोय नव्हती.

आता बरणी तिथेच उन्हात होती आणि भेटायला येणारी माणसं तिच्याभोवतीच बसत होती. शेजारच्या गोदावरीबाई गळा काढायच्या, "कुठं गेली वो माझी पुष्पाऽ—" मध्येच थांबून म्हणायच्या, "मेली बरणी, काय घाण मारते!" आणि सोडलेला सूर तिथूनच उचलायच्या, "—मले एकटी टाकून गेली वोऽ!"

पाचव्या दिवशी कुंदाचे प्राचार्य आले. सभ्य माणूस. सांत्वन केलं आणि काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, "काय सुरेख सुगंध येतोय हो!"

रडणं थांबलं. पवनीहून आलेले टेकचंदमामा उभे राहिले. "सर, थुका."

"काय?"

"थुका म्हणतो ना! अन् म्हणा, नासकी!"

प्राचार्यांनी चष्मा काढला, हलकेच थुंकले, "ना... नासकी," म्हणाले आणि मिळेल त्या एस.टी.नं गेले. कुंदा पदरात तोंड लपवून हसली. तिचे हलणारे खांदे पाहून बायकांनी पुन्हा रडायला सुरुवात केली.

दुसऱ्या दिवशी बरणीवर पांढरी साय धरली होती.

"लागली दृष्ट," गोदावरीबाई कपाळावर हात मारून म्हणाल्या. साय का धरते ते कुंदानं पुस्तकात वाचलेलं होतं. त्याचा काही उपयोग झाला नाही. आईच्या हातचं एवढंच उरलं होतं.

तिचे वडील, सेवकराम, आजवर बरणीला एका शब्दानं बोलले नव्हते. त्यांच्या वाटणीच्या शिव्या बायकोच द्यायची. ते आले, उकिडवे बसले, लाकडी चाटूनं साय काढून टाकली आणि हळूच सुरू झाले. "कुजकी. सडकी." आवाज चढला. "नालायक! माणसाले न सांगता जाते? बेइमान! आता चहा कोन देईन मले?"

मामांनी खांद्यावर हात ठेवला. "भाऊजी, बरणीले म्हणा, बरणीले."

"बरणीलेच म्हणून राहिलो!" सेवकराम ओरडले.

साय पुन्हा धरली नाही.

तेरवी झाली, पाहुणे पांगले. वडील धान पाहायला शेतावर, बांधीत गेले. कुंदानं आईच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यातून शिरका गाळला, बाटल्या भरल्या आणि दरवर्षीसारख्या घरोघरी पोचवल्या. एका लहान बाटलीत पुढच्या सालासाठी विरजण काढलं. ती बाटली तिनं गोदावरीबाईंच्या हातात दिली.

"काकी, ही तुमच्या घरी ठेवा. आतल्या खोलीत."

"काहून वो? यंदा बरणीत नाही ठेवत?"

"मले थोडं बोलायचं आहे. हिच्या कानावर नको."

गोदावरीबाईंनी तिच्याकडे पाहिलं. बाटली पदराखाली घेतली आणि फाटकातून जाताना तिला दटावलं, "चाल वो, नासके."

बरणी पहिल्यांदाच रिकामी होती. काठाला राहिलेला शेवटचा ओघळ कुंदानं बोटावर घेऊन चाटला. आधी ठसका लागला, मग उडी मारावीच लागली. श्वास जागेवर आला तशी ती पाटावर बसली, वाकली आणि बरणीत तोंड घालून म्हणाली,

"माय, लय चांगला झाला. अन् तू बी लय चांगली होती."