साफ केलेला फोटो

आमच्या धंद्यात कोणाचाच चेहरा जसा आहे तसा दुकानाबाहेर जात नाही. घाटंजीत माझा फोटो स्टुडिओ आहे, सत्तावीस वर्षं झाली. गिऱ्हाईक स्टुलावर नीट टेकायच्या आधी सांगतं, "गफ्फारभाऊ, जरा साफ करजा." साफ म्हणजे गोरं. लग्नाच्या पोरीचा फोटो असो, नोकरीच्या अर्जाचा असो, नाहीतर तेरवीला हार घालायचा असो, साफ पाहिजे. जन्मभर बंडीवर राहिलेला म्हातारा मेला की मी त्याला कोट आणि टाय घालतो. असे चौदा कोट माझ्या कॉम्प्युटरमध्ये तयार आहेत, फक्त मुंडकं बसवायचं. मेल्यावर तरी माणूस साहेब दिसावा एवढीच घरच्यांची इच्छा असते. ती मी पुरवतो आणि लोक मला कलाकार म्हणतात. मलाही ते खरं वाटायचं.

दिवाळीनंतर, कापूस वेचणीच्या दिवसांत, जमनी माझ्या दुकानात आली. घाटंजीपासून चार किलोमीटरवर बंजाऱ्यांचा तांडा आहे, तिथली. नवरा रामलाल बडनेऱ्याकडे वीटभट्टीवर कामाला होता, आणि ही इथे लोकांच्या शेतात वेचणीला जायची. दोन लेकरं, बादल नऊ वर्षांचा आणि निकिता सहाची. शाळेला सुट्ट्या होत्या म्हणून ती त्यांना घरी ठेवून गेली. संध्याकाळी परत आली तर घरात कोणी नाही. विहिरी पाहून झाल्या, नाला पाहून झाला, नातेवाइकांचे तांडे पालथे घातले. रामलालही भट्टी सोडून धावत आला. माझ्याकडे ती आली तो तिसरा दिवस होता.

तडा गेलेला मोबाइल तिनं काउंटरवर ठेवला.

"हा मोठा करून द्या, भाऊ. ठाण्यात फोटो मागून राह्यले."

एवढंच म्हणाली ती. मला तिचं एकेक वाक्य पाठ आहे, कारण पुढे ते मला फार लागलं.

फोटोत दोघं कापसाच्या ढिगापुढे उभी होती. काळीसावळी, उन्हानं रापलेली, केसांत धूळ. बादलच्या डाव्या भुवईत जुन्या जखमेची आडवी पट्टी होती, तेवढ्या जागी केसच नव्हते. त्याचा सदरा खांद्यावर फाटलेला. निकिताचं नाक वाहत होतं आणि ती कॅमेऱ्याकडे पाहून रागावली होती. तो फोटो मी तसाच मोठा करून दिला असता तर पाच मिनिटांचं काम होतं.

पण माझं मन मोठं ना! मी म्हटलं, बाईवर एवढा प्रसंग आलाय, आपण काही कमी करायचं नाही, पैसेही घ्यायचे नाहीत. दोन तास बसलो. दोघांना गोरं केलं. बादलची भुवई भरून काढली, केस विंचरले, निळा कोट चढवला. निकिताचं नाक पुसलं, गालावर गुलाबी झाक दिली, फ्रिलचा पांढरा फ्रॉक घातला. तिचा राग काही जाईना, तेव्हा दुसऱ्या एका पोरीचं हसू आणून तिच्या ओठांवर बसवलं. मागचा कापूस काढून बगीचा टाकला. खाली ठळक अक्षरांत दोघांची नावं, गाव आणि फोन नंबर लिहिला.

जमनीनं प्रिंट हातात घेतली. पदरानं हात पुसून घेतली, हे आठवतं. खूप वेळ पाहत राहिली आणि मग रडली.

"साहेबाचे पोट्टे दिसून राह्यले," ती म्हणाली.

मला वाटलं, जिंकलो.

आता अक्षयबद्दल सांगतो. अक्षय म्हणजे आमच्या भागातला बातमीदार. एका वाहिनीला इथून बातम्या पाठवतो. बातमी चालली तर पैसे, नाही तर पेट्रोल स्वतःचं. पोरगा वाईट नाही, पण उपाशी आहे. जमनीचे दीर त्याच्याकडे पहिल्याच दिवशी गेले होते. त्यानं त्यांना वाटेला लावलं होतं. मला म्हणाला, "चाचा, तांड्यावरचे पोट्टे आहेत, बापाकडं गेले असतील नाहीतर मामाकडं. हे मुंबईत कोण पाह्यते?"

मी त्याला साफ केलेला फोटो दाखवला. त्याचे डोळे चमकले.

"आता चालते चाचा! आता फोटोत दम आहे!"

त्याच संध्याकाळी फोटो टीव्हीवर आला. दुसऱ्या दिवशी यवतमाळहून दोन गाड्या आल्या, तिसऱ्या दिवशी नागपूरहून. तांड्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. वरातीमागून घोडं म्हणतात तसे पुढारीही आले. एका बाईनं जमनीला विचारलं, "आत्ता या क्षणी तुम्हाला काय वाटतंय?" जमनीला प्रश्नच कळला नाही, म्हणून तिला पुन्हा दारातून बाहेर यायला लावलं आणि पुन्हा विचारलं. तिसऱ्या वेळी ती रडली, तेव्हा त्यांचं समाधान झालं. गावोगावच्या ग्रुपवर माझा फोटो फिरला. यवतमाळात कॉलेजच्या पोरींनी मेणबत्त्या लावल्या. माझ्या बायकोच्या बहिणीनं हैदराबादहून फोन केला, की किती गोड लेकरं आहेत हो. घाटंजी, राळेगाव, नेर, यवतमाळ, जिथे जिथे एसटी थांबते तिथे तिथे तो फोटो चिकटवला. मी स्वतः तीनशे प्रती काढून दिल्या, आणि लोक दुकानात येऊन माझ्याशी हात मिळवत होते.

सहाव्या दिवशी कुठल्याशा नटीचा साखरपुडा झाला आणि गाड्या परत गेल्या.

बादल आणि निकिता सापडली नाहीत. ठाण्यात चारशेच्या वर फोन आले होते. कोणाला पुण्यात दिसली, कोणाला रेल्वेत. पोलीस जिथे जिथे गेले तिथे कोणा ना कोणाची गोरीगोमटी, कोट घातलेली लेकरं आपल्या आईबापाजवळ सुखरूप होती. हे मला तेव्हाच खटकायला पाहिजे होतं. खटकलं नाही. डोक्यात कौतुक भरलं असलं की आत दुसरं काही शिरत नाही.

एप्रिलमध्ये एका लग्नाच्या शूटिंगला मी नेरला गेलो होतो. वरात उशिरा निघणार होती, म्हणून भर दुपारी स्टँडच्या बाहेर एका टपरीवर चहा प्यायला बसलो. टपरी विमलताई नावाच्या साठीच्या बाईची. तिच्या टपरीला लागूनच खांब होता आणि खांबावर माझा फोटो. उन्हानं कागद पिवळा पडला होता, पण रंग टिकून होता. खोटं कशाला बोलू, आधी माझ्या मनात शाईचंच कौतुक आलं.

मी टक लावून पाहतोय हे बाईनं पाहिलं.

"सापडले का हो ते पोट्टे?" तिनं विचारलं.

"नाही, ताई. मीच बनवलेला फोटो आहे तो."

"असं का? मंग तुमाले एक गंमत सांगते." ती गाळणी झटकत हसली. "हा कागद लागला ना, तेव्हा इथं दोन भिकाऱ्याचे पोट्टे राहत. भाऊ-बहीण. आठ-दहा रोज होते. कापसाच्या गाडीत बसून आले म्हणत, बापाकडं बडनेऱ्याले जायचं म्हणत. गाडीवाल्यानं इथं उतरवून देल्लं. रात्री त्या शेडात झोपत. मी टोस देत जाओ, उरला सुरला चहा देओ. पोट्टी याडी याडी करून मायच्या नावानं रडे. आता ज्या दिवशी हा कागद लागला, ते मोठं पोट्टं इथं उभं राह्यलं अन् बोट ठेवून वाचाले लागलं. बा, द, ल. अन् मले म्हणे, आजी, हे माह्यं नाव आहे. हा मी आहो."

माझ्या हातातला चहा तसाच राहिला.

"मंग?"

"मंग काय! सगळे हासले. एसटीची वाट पाहणारे, ऑटोवाले, सगळे. मीबी हासली. एक जण म्हणे, हा राजपुत्र तू आहे का रे? मी म्हन्लं, बाबू, आधी तोंड धुऊन ये, मंग हो साहेबाचा पोट्टा. पाह्य जरा, म्हन्लं, ह्या लेकरायचे मायबाप कसे शोधून राह्यले. तुले कोण शोधते?" ती पुन्हा हसली. "तं ते पोट्टं सांगू काय, खरंच गेलं. नळावर गेलं अन् तोंड धुऊन आलं. त्या खांबाजवळ उभं राह्यलं अन् म्हणे, आता पाहा."

मी खिशातून मोबाइल काढला. जमनीनं दिलेला मूळ फोटो त्यात होता. दोनदा भलताच फोटो उघडला. शेवटी सापडला आणि मी तो तिच्यापुढे धरला.

विमलताईनं हात पुसले, चष्मा लावला. फोटो पाहिला. मग खांबाकडे पाहिलं. मग पुन्हा फोटो.

"हेच," ती म्हणाली. "ही भुवईत कापेल खूण. हेच ते दोघं." आणि मग तिला खाली बसावं लागलं. "माय वं! खरं सांगत होतं ते."

"कुठं गेले मग?"

"दोनेक रोजानं एक माणूस आला. जीप होती. म्हणे, मी बडनेऱ्याकडंच जातो, बापाजवळ सोडतो. मीच बसवून देल्लं, भाऊ. पोट्टीले ताप होता. मले वाटलं, भलं होईन. सगळे हासले त्या दिवसापासून ते पोट्टं कोणाशी बोलतबी नव्हतं. जातानी मी म्हन्लं, जा रे बाबू, बापाले भेट, तं वळूनबी नाही पाह्यलं."

त्या वेळी बाप बडनेऱ्यात नव्हताच. तो घाटंजीला माझ्या दुकानातून कागदांचा गठ्ठा घेऊन गावोगाव चिकटवत फिरत होता. त्या खांबावरचा कागदही त्यानंच लावला असणार. करायला गेलो गणपती अन् झाला मारुती, असं आम्ही हसत हसत म्हणतो. यात हसण्यासारखं काय आहे ते मला कोणीतरी सांगा.

लग्न मी तसंच सोडलं आणि घाटंजीला येऊन सरळ ठाण्यात गेलो. त्यांनी लिहून घेतलं. नेरला माणूस पाठवला, विमलताईचा जबाब झाला. जीप पांढरी होती एवढंच तिला आठवत होतं. पाच महिने झाले होते. मूळ फोटो त्यांनी फायलीत लावला आणि जमादारानं दोन्ही फोटो शेजारी शेजारी धरून माझ्याकडे पाहिलं. त्यानं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग अक्षयला धरलं. म्हटलं, हा खरा फोटो चालव, आज रात्री चालव. त्यानं फोटो बोटांनी मोठा करून पाहिला.

"चाचा, ही स्टोरी थंडी झाली आता. अन् चालवून सांगायचं काय? का आपण चार दिवस दुसऱ्याच पोट्ट्याईचे चेहरे दाखवले? चॅनल मले ठेवन का?" आणि मग हळूच म्हणाला, "अन् हा फोटो असाबी चालत नाही. पहिलेबी चालला नसता."

मी त्याच्यावर ओरडलो, त्याला नको ते बोललो. पण तो खोटं बोलत नव्हता, आणि म्हणूनच मला जास्त चीड आली. खरा चेहरा दाखवला असता तर कोणी शोधलं नसतं. साफ केला तर सगळा जिल्हा शोधायला निघाला, पण दुसऱ्याच कोणाला. ती लेकरं आमच्या या दोन शहाणपणांच्या मधल्या फटीत पडली.

जमनीला सांगायला मला आठ दिवस लागले.

सकाळी गेलो. ती दारात बसून तूर निवडत होती, रामलाल पुन्हा भट्टीवर गेला होता. मी सगळं सांगितलं. टपरी, खांब, हसणारे लोक, जीप. काही लपवलं नाही. नळाचंही सांगितलं. तिचे हात सुपावर थांबले होते.

"त्यानं वाचलं?" तिनं विचारलं.

"हो. बोट ठेवून."

"तिसरीत होता. मले वाटे, काहीच शिकला नाही."

कोंबड्या सुपापर्यंत आल्या, तिनं हाकलल्या नाहीत. मी मान खाली घालून वाट पाहत होतो, की ही आता मला शिव्या देईल, सूप फेकून मारेल. त्याचसाठी तर मी आलो होतो.

"माह्याच तोंडाले आग लागो," ती म्हणाली. "मीच म्हन्लं असन तुमाले, भाऊ. साफ करा म्हणून. सगळे म्हन्तेत, तं मीबी म्हन्लं असन. मले तेव्हा सुधच नव्हती. माह्याच लेकराचं तोंड मीच पुसलं."

ती असं काहीच म्हणाली नव्हती. फक्त मोठा करून द्या म्हणाली होती. ते माझ्या ओठावर आलं, अगदी दातांपर्यंत आलं.

"तुमी तं चांगल्यासाठीच केलं," ती म्हणाली. "फुकट केलं. तुमचा काय दोष?"

मी गप्प बसलो.

तिनं डोळे पुसले, आत जाऊन चहा ठेवला. कपाला कान नव्हता, म्हणून तिनं तो फडक्यात धरून माझ्या हातात दिला. मी तो सगळा प्यायलो आणि दुकान उघडायला घाटंजीला परत आलो.